ओम्नीच्या भागांपासून घरी दोन आसनी गाडी बांधायची आहे: सुरुवात कुठून करावी?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षे इथे वाचनमात्र आहे; धागा काढण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्या धायरीच्या घरामागे वडिलांची २००५ सालची मारुती ओम्नी चार वर्षांपासून उभी आहे. वडील गेले, पंधरा वर्षांची नोंदणी संपली, नूतनीकरण राहून गेले आणि तोवर पत्रा खालून इतका सडला, की चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलली तर फरशी दिसते. इंजिन मात्र ठणठणीत आहे. दर रविवारी बॅटरी जोडतो आणि दुसऱ्यांदा चावी फिरवली की ते लागते. मध्यंतरी भंगारवाल्याने गाडीचा भाव किलोवर सांगितला, तेव्हा आईने त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवले. त्यामुळे गाडी विकणे हा विषय घरात बंद आहे.

माझ्या डोक्यात वेगळेच घोळते आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही उघडी, दोन आसनी, अगदी हलकी गाडी आणली. इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांवर तो नव्हता, म्हणून अनेकांनी ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपात घेऊन घरी जोडली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती आजही बनते. पुढे तिथल्या हौशी लोकांनी संचही न घेता, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस (एक्सल) काढून, स्वतः वेल्ड केलेल्या चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यावर तशाच गाड्या उभ्या केल्या. एस्कॉर्टच्या जागी ओम्नी का चालू नये, असा माझा साधा प्रश्न आहे. तिचेही इंजिन उभ्या दिशेने बसवलेले असते आणि मागची चाके फिरतात.

मी बँकेत नोकरी करतो. वेल्डिंग एका ओळखीच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी शिकतो आहे. अकरा बाय बावीस फुटांची पत्र्याची शेड आहे, तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत आणि दोन वर्षांची तयारी आहे. सांगाड्याला कोणती नळी घ्यावी, ओम्नीचे नक्की कोणते भाग वापरण्याजोगे आहेत आणि शेवटी तिचाच एमएच-१२ चा क्रमांक नव्या गाडीला लावून ती रस्त्यावर काढता येईल का, एवढे जाणकारांनी सांगावे.

कलम_बावन्न

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची सगळी उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. तो क्रमांक नव्या गाडीला लावता येणार नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांच्यात तफावत पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ अगदी काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्याप्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सायलेन्सर बदलणाऱ्यांची जिथे चौकाचौकात अडवणूक होते, तिथे आपण तर अख्खी गाडीच बदलणार आहात.

त्यात ओम्नीला वेगळी चॅसी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा आणि चॅसी क्रमांक त्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. तो पत्रा टाकून दिला, की कायद्याच्या दृष्टीने ती गाडी संपली. इंजिन, गिअरबॉक्स आणि आस उरले तरी ते केवळ सुटे भाग होत. क्रमांकाचा तुकडा कापून नव्या सांगाड्यावर चिकटवा असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मुळीच ऐकू नका, कारण चोरीच्या गाड्यांच्या बाबतीत नेमके हेच करतात आणि पोलीस आपल्याकडेही त्याच नजरेने पाहतील.

राहिला प्रश्न नवीन गाडी म्हणून नोंदणीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. गंमत अशी, की अशा संस्थांपैकी दोन आपल्याच पुण्यात आहेत: वेताळ टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. टेकडीवर फिरायला जाणारे आपण रोज तिच्या कुंपणावरून जातो. आत जायचे तर मात्र कारखानदार व्हावे लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू आहेत आणि ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना समोरून व बाजूने धडकेच्या चाचण्या द्याव्या लागतात. या चाचण्यांत नमुन्याचा चक्काचूर होतो. ज्याने एकच गाडी बांधली त्याने चाचणीला काय द्यावे आणि चालवावे काय? इंग्लंडमध्ये घरी बांधलेली एकेकटी गाडी तपासून मान्य करण्याची स्वतंत्र पद्धत आहे, भागांच्या हिशेबाने तिला जुन्या गाडीच्या वयाचा क्रमांकही मिळू शकतो आणि वयाचा पत्ताच लागत नसेल तर ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक देतात. आपल्याकडे हौशी माणसासाठी अशी वाट नाही.

तेव्हा गाडी खासगी जागेत चालवायची आणि तिथपर्यंत टेम्पोवर घालून न्यायची, हे आजच ठरवून टाका. पत्र्याला ग्राइंडर लावण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओत एक फेरी मारावी लागेल. वडिलांच्या निधनानंतर वारसाने तीन महिन्यांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. तो राहिला असेल तर आधी तो करा आणि मग कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्या. गाडी वापरण्याजोगी उरली नाही, की चौदा दिवसांत तसे कळवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.

भर_चौकातला

मग सांगलीकडच्या त्या गृहस्थांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली होती, त्याचे काय? ती तर रस्त्यावर फिरताना सगळ्या देशाने पाहिली.

कलम_बावन्न

आपण म्हणता ती गाडी देवराष्ट्रे गावची. होय, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव तेच. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पसरली तेव्हा आनंद महिंद्रा यांनी तिचे तोंडभरून कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती अडवेल, असेही त्यांनी त्याच वेळी लिहिले होते आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो त्या कुटुंबाला मिळाली. त्या गाडीचे कौतुक झाले, पासिंग झाले नाही.

पाणसळ

वरचा प्रतिसाद वाचून धागाकर्त्याने शेडला कुलूप लावले नसेल अशी आशा आहे. कायद्याचे म्हणणे मान्यच आहे, पण त्यामुळे काम सोपेही होते. वायपर, आरशांचे माप, दिव्यांची उंची यांवर डोके खपवावे लागत नाही आणि सगळे लक्ष सांगाडा, ब्रेक आणि स्टीअरिंग यांवर देता येते. माझे भोसरीत फॅब्रिकेशनचे काम आहे आणि पंधरा वर्षांत अभियांत्रिकीच्या मुलांच्या स्पर्धेच्या गाड्यांचे बरेच सांगाडे माझ्या टेबलावर जुळले आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

ओम्नीची निवड वरवर वाटते तितकी वेडी नाही. सेव्हन ही मुळात अरुंद गाडी आहे, तिच्या दोन चाकांमधले आडवे अंतर सुमारे १.२ मीटर आणि ओम्नीचेही जवळपास तेवढेच. त्यामुळे मागचा आस न कापता जसाच्या तसा बसतो.  पुढच्या-मागच्या आसांतले अंतर मात्र वेगळे: ओम्नीचे १८४० मिलीमीटर, जुन्या सेव्हनचे सुमारे २२३५. शक्ती पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. हा आकडा ऐकून हसू येईल, पण आपली गाडी पाचशे किलोंच्या आसपास भरली आणि बसायची जागा जमिनीपासून वीतभर उंचीवर असली, की ताशी साठलाही पोटात गोळा येतो. डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या, आसावरच्या गिअरपेटीचे) गुणोत्तर माणसे आणि सामान ओढण्यासाठी ठरवलेले असल्याने गाडी सुटताना जोरात सुटेल आणि वरच्या वेगाला लवकर दमेल. मोकळ्या मैदानावर ते आपल्या पथ्यावरच पडते.

पुष्कळ जण मारुती जिप्सी सुचवतील. तिचे १.३ लिटरचे इंजिन उत्तम आहे आणि तिची ट्रान्स्फर केस (चारही चाकांना शक्ती वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून सुटी असल्यामुळे ती काढून मागच्या आसाला फिरवणारा शाफ्ट थेट मागे नेता येतो. पण मागचे डिफरन्शियल मध्यावर नसून एका बाजूला सरकलेले असते, त्यामुळे शाफ्ट तिरका जातो आणि स्पीडोमीटरची केबलही त्याच काढलेल्या केसमधून निघते. शिवाय धडधाकट जिप्सी कापायला मन धजावत नाही, ते वेगळेच.

सांगाड्यासाठी २५ बाय २५ मिलीमीटरची, १.६ मिलीमीटर जाडीची काळी चौकोनी नळी घ्या. ती सहा मीटरच्या लांबीत मिळते. जस्ताचा मुलामा असलेली नळी दुकानदाराने कितीही गळ्यात मारली तरी घेऊ नका. वेल्ड करताना तिचा धूर अंगावर ताप आणतो आणि बीडलाही (वेल्डच्या ओळीलाही) भोके पडतात. इतक्या पातळ नळीवर आर्क वेल्डिंगने नवशिक्या हातून छिद्र पडतेच, म्हणून मिग (तार आणि गॅसवर चालणारे) मशीन वापरा. शेडची वाऱ्याची बाजू मात्र ताडपत्रीने बंद करा, कारण झुळूक आली तरी गॅस उडून जातो आणि बीड पावासारखा जाळीदार होतो.

आता मुख्य गोष्ट. सांगाडा बिघडतो तो वेल्डिंग कच्चे झाल्याने क्वचितच. तो बिघडतो घाईने. माझ्या हातून बिघडलेला एक सांगाडा अजून आठवतो. नळ्या अचूक कापल्या होत्या, कोन गुण्याने तपासले होते आणि संध्याकाळपर्यंत संपवायचे म्हणून मी डाव्या बाजूचे सगळे जोड एका दमात ओढून काढले. सकाळी कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा नऊ मिलीमीटरने मोठा. थंड होताना प्रत्येक बीड नळीला आपल्याकडे खेचतो आणि सगळे बीड एकाच बाजूला असले की सगळी ओढ त्याच बाजूला जाते. म्हणून आधी सपाट टेबल करा. जुन्या चॅनलची चौकट चालेल, पण पाणसळ लावून चारही कोपरे एका पातळीत आणल्याशिवाय नळी कापू नका. पूर्ण सांगाडा नुसत्या टॅकवर (वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) उभा करा, कर्ण मोजा, इंजिन आणि गिअरबॉक्स आत ठेवून पाहा, स्वतः बसून पाहा, पेडलपर्यंत पाय पोहोचतो का ते बघा. हे सगळे जमले की मग जोड भरायचे: एक पुढचा डावा, तर त्यानंतरचा मागचा उजवा, मध्ये हात लावता येईल इतके गार होऊ द्यायचे. प्रत्येक मोठ्या चौकोनात तिरकी नळी हवीच, नाहीतर वळणावर चौकोनाचा समांतरभुज होतो. पंख्यासमोर चहा पीत केलेले वेल्डिंग सरळ येते, असे आमच्याकडे म्हणतात.

ओम्नीचे पुढचे सस्पेन्शन वापरता येणार नाही, कारण तिचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) उंच आहे आणि सेव्हनचे बॉनेट गुडघ्याएवढे. नकल (चाक धरून वळवणारा भाग), हब आणि डिस्क ठेवा; स्ट्रटच्या जागी वरचा बॉल जॉइंट धरणारा जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवून घ्या आणि वरखाली दोन विशबोन (सांगाड्याला जोडणारे त्रिकोणी हात) द्या. स्टीअरिंग रॅकच्या टोकांचे सांधे विशबोनच्या आतल्या सांध्यांच्या रेषेत आले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळेल. मागे पाटे काढून चार दांडे, एक आडवा दांडा आणि कॉइल स्प्रिंग बसवा. पाट्यांवर ही हलकी गाडी उड्या मारील.

अर्धी_गाडी

माझे सदस्यनाम हेच माझे प्रमाणपत्र. वाघोलीला ताडपत्रीखाली एक अपूर्ण गाडी आहे, तिची कथा थोडक्यात सांगतो म्हणजे आपले दोन-तीन महिने वाचतील.

मी मारुती ८०० चे आडवे इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून आसनांच्या मागे बसवले. कागदावर हे फार सोपे दिसते, कारण इंजिन, गिअरबॉक्स, हाफ शाफ्ट आणि चाके असा एक गठ्ठाच जागा बदलतो. पण जी चाके पुढे असताना वळत होती ती आता मागे आली आणि त्यांचे स्टीअरिंगचे हात कुठेतरी बांधून ठेवावे लागले. ते मी अंदाजाने बांधले. परिणामी, मागची चाके खड्ड्यावर वर गेली की गाडी शेपटी हलवायची. डिस्क ब्रेकही गठ्ठ्याबरोबर मागे गेले आणि पुढे ड्रम राहिले. ब्रेक दाबताना वजन पुढे येते आणि पकड तिथे हवी असते. माझ्या गाडीत सगळे उलटे झाले. ओल्या मुरुमावर पहिल्यांदा जोरात ब्रेक मारला तेव्हा मी ज्या दिशेने आलो होतो त्याच दिशेकडे तोंड करून थांबलो. आपण इंजिन पुढेच ठेवणार असल्यामुळे यातले बरेच टळेल, पण हलक्या गाडीत मागचे ड्रम आधी अडकण्याचा धोका आपल्यालाही आहे. मोकळ्या जागेत, कमी वेगात, कोणाला तरी बाहेर उभे करून कोणते चाक आधी थांबते ते पाहा. ते पुढचेच असले पाहिजे. मागचे थांबत असेल तर मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाका आणि मगच वेग वाढवा.

दुसरी चूक वायरिंगची. एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात सगळा गुच्छ कापून काढला आणि बादलीत टाकला. पुढचे पाच महिने मी त्या बादलीसमोर बसून होतो. आपली ओम्नी सध्या सुरू होते आहे, ही मोठी दौलत आहे. प्रत्येक कनेक्टरला काढण्याआधी कागदी पट्टी चिकटवा, दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहा आणि फोटो काढा. कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक), चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारे कुलूप) असेल तर तो, हे तिन्ही एकत्र ठेवा. यातले एक हरवले तर बाकीचे दोन शोभेचे. पूर्ण वायरिंग जमिनीवर पसरून इंजिन बाहेर, लाकडी घोडीवर सुरू करून दाखवा आणि त्यानंतरच बॉडी भंगारात द्या. गाडी कापण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ग्राइंडरच्या ठिणगीला तेवढी पुरते.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. कलम_बावन्न यांचा प्रतिसाद पहिल्यांदा वाचला तेव्हा, खरे सांगायचे तर, दोन दिवस शेडकडे फिरकलो नाही. मग आईशी बोललो. ती म्हणाली, “तुझे बाबासुद्धा ती गाडी सासवडला मामाच्या माळावरच जास्त फिरवायचे, रस्त्यावर त्यांना ट्रकची भीती वाटायची.” मामांचा तो माळ अजून पडीकच आहे, अडीच एकर, बऱ्यापैकी सपाट, आणि त्यांची हरकत नाही. तेव्हा गाडी तिथेच राहील आणि तिथेच चालेल. हस्तांतरणाचे कागद गोळा करतो आहे, तोवर पत्र्याला हात लावणार नाही.

दरम्यान काल गाडीखाली झोपून मापे घेतली. इंजिन पुढच्या आसाच्या लगेच मागे ठेवले, तर मूळ शाफ्ट सुमारे चाळीस सेंटिमीटरने अपुरा पडतो. दुसरी अडचण अशी, की ओम्नीत गिअरचा दांडा इंजिनाच्या पुढे आहे आणि जोडदांडा मागे गिअरबॉक्सकडे जातो. नव्या गाडीत मी गिअरबॉक्सच्या मागे बसणार. मग दांडा उलटा फिरवावा लागेल का?

पाणसळ

शाफ्ट लांब करण्यापूर्वी इंजिनच मागे सरकवून पाहा. पाय पेडलवर आणि गुडघे सुखात राहतील इतपत जागा सोडून ते जितके मागे जाईल तितके जाऊ द्या. चाळीसमधले पंधरा-वीस सेंटिमीटर तिथेच मिटतील आणि वजनही मध्यावर येईल. उरलेल्या लांबीसाठी नळी मधोमध कापून तुकडा भरू नका. दोन्ही टोकांच्या सांध्यांचे क्रॉस आणि योक (क्रॉस धरणारे दुबेळके) ठेवून मधली नळी पूर्ण नवी, एकसंध घालायची, दोन्ही योक एकाच रेषेत धरायचे आणि शाफ्ट बॅलन्स करून घ्यायचा. त्याखाली सांगाड्याला पोलादी कडे जरूर बांधा. क्रॉस तुटला तर शाफ्ट आपल्या मांडीशेजारी फिरत असतो.

गिअरचा दांडा मागे नेला की जोडदांड्याची दिशा बदलते आणि मधला सांधा जसा द्याल तसे गिअर आपल्या किंवा उलट्या जागी पडतात. आधी गिअरबॉक्सच्या तोंडाशी पाना लावून हाताने चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा, प्रत्येक वेळी तोंड कुठे सरकते आणि किती फिरते त्याची खडूने खूण करा. त्या खुणांचा फोटो इथे टाका, मग सांधा कुठे द्यायचा ते सांगतो.